खुर्ची आणि हिस्सा

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत माणसे दोन नात्यांनी असतात. ज्यांच्या नावावर शेअर आहेत ते सभासद, म्हणजे मालक. आणि कारभार पाहणारे ते संचालक. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे अशा कंपनीत किमान २ सभासद आणि किमान २ संचालक लागतात. सभासदांची कमाल संख्या २००. त्यात शेअर घेतलेले आजी-माजी कर्मचारी मोजले जात नाहीत. संचालक १५ पर्यंत, आणि विशेष ठराव केल्यास त्याहून अधिक. निदान एका संचालकाचे त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात वास्तव्य असावे लागते.

घरच्या किंवा मित्रांच्या कंपनीत ही दोन्ही नाती बहुधा त्याच माणसांत एकवटलेली असतात. त्यामुळे ‘त्याला कंपनीतून काढायचे आहे’ असे कोणी म्हणतो तेव्हा खुर्ची काढायची आहे की हिस्सा, हे बोलणाऱ्यालाही स्पष्ट नसते. कायद्याने मात्र दोन्हींचे रस्ते वेगळे ठेवले आहेत. खुर्ची मतांनी जाते. हिस्सा सहसा मालकाच्या सहीशिवाय हलत नाही.

या फरकाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी बहुमताची : ज्याचे भांडवल जास्त त्याचा निर्णय अंतिम. दुसरी विश्वासाची : प्रायव्हेट कंपनी मुळात एकमेकांच्या भरवशावर उभी राहते, म्हणून मतांची बेरीज पुरेशी नाही. पुढील संवादात कंपनी सचिव पहिली बाजू मांडतात आणि वकील दुसरी. उदाहरणासाठी भोसरीतील सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक कंपनी धरली आहे. थोरल्या भावाकडे ६० टक्के शेअर, धाकट्याकडे २५ आणि दोघांच्या मित्राकडे १५. तिघेही संचालक. थोरल्याला धाकट्याच्या जागी आपली मुलगी आणायची आहे.

नेमणूक आणि राजीनामा

कंपनी सचिव : मुलीला आणायचे तर आधी धाकट्याला हटवलेच पाहिजे असे नाही. तिने संचालक ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, आणि डिजिटल सही घ्यायची. डीआयआर-२ या अर्जात लेखी संमती द्यायची आणि आपण अपात्र नसल्याचे डीआयआर-८ मध्ये कळवायचे. मग सर्वसाधारण सभेने साध्या ठरावाने तिची नेमणूक करायची आणि कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ कंपनी निबंधकांकडे दाखल करायचा. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, अधिकार दिलेला असेल तर संचालक मंडळही तिला अतिरिक्त संचालक म्हणून घेऊ शकते. पण ती नेमणूक पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच टिकते.

वकील : घरच्या कंपन्यांत इथेच एक गैरसमज असतो. वडील थकले की ‘माझ्या जागी मुलगा’ असे लिहून देतात आणि काम झाले समजतात. कलम १६६ प्रमाणे संचालकाला आपले पद दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि केले तर ते मुळातच निरर्थक ठरते. शेअर वारसाला मिळतात, पद मिळत नाही. ते सभेने किंवा मंडळाने द्यावे लागते.

कंपनी सचिव : म्हणूनच धाकटा समजुतीने बाजूला होणार असेल तर सगळ्यांत सोपा मार्ग राजीनाम्याचा. कलम १६८ प्रमाणे राजीनाम्याला कोणाची मंजुरी लागत नाही. पत्र कंपनीला मिळाल्याची तारीख किंवा पत्रात लिहिलेली तारीख, यांपैकी नंतरची असेल तिला तो अमलात येतो. कंपनीने ३० दिवसांत तशी नोंद करायची असते.

वकील : कंपनीने ती केली नाही तर? जाणाऱ्याने डीआयआर-११ भरून राजीनामा स्वतःही निबंधकांकडे पोहोचवावा. कायद्याने आता हे ऐच्छिक ठेवले आहे, पण शहाण्या माणसाने ते सोडू नये. सलग तीन वर्षे हिशेब किंवा वार्षिक विवरणपत्र न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये या कारणाने ३ लाखांहून अधिक संचालक अपात्र घोषित झाले. काम सोडले पण नाव कागदावर राहिले, तर अशा यादीत आपलेही नाव निघू शकते.

कंपनी सचिव : आणि राजीनामा म्हणजे सर्व जबाबदारीतून सुटका नव्हे, हेही सांगायला हवे. आपल्या काळात घडलेल्या गुन्ह्यांबद्दल माजी संचालक उत्तरदायी राहतो. प्रायव्हेट कंपनीकडून प्राप्तिकर वसूल होत नसेल तर तो ज्या वर्षाचा आहे त्या वर्षीच्या संचालकांकडे मागता येतो. आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे त्यांना दाखवावे लागते. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी तर पदाला जोडलेलीच नसते. ती बँकेकडून लेखी सोडवून घ्यावी लागते.

वकील : उरलेल्यांनीही संख्या मोजावी. दोनच संचालक असताना एक गेला, तर मागे राहिलेल्याला दोनच गोष्टी करता येतात : गणपूर्तीसाठी नवा संचालक घेणे किंवा सर्वसाधारण सभा बोलावणे. तोवर मंडळाचा दुसरा कोणताही ठराव त्याच्या एकट्याच्या सहीने होत नाही.

हटवण्याचा अधिकार

कंपनी सचिव : धाकटा राजीनामा देत नसेल तर कलम १६९ आहे. साध्या ठरावाने, म्हणजे विरोधापेक्षा बाजूने एक मत जास्त पडले तरी, संचालकाला मुदतीपूर्वी हटवता येते. कारण सिद्ध करावे लागत नाही. अपवाद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या संचालकाचा. ६० टक्के मते हातात असलेल्या थोरल्याला आणखी कोणाची गरज नाही. भांडवल ज्याचे बुडणार, त्याला कारभारी निवडता आणि बदलता आला नाही तर मालकीला अर्थ काय?

वकील : मते आहेत, पण पायऱ्या गाळता येत नाहीत. ठरावाची विशेष सूचना लागते. ती देणाऱ्या सभासदाकडे किमान १ टक्का मतशक्ती किंवा किमान ५ लाख रुपये भरणा झालेले शेअर असावे लागतात. सूचना सभेच्या किमान १४ दिवस आधी आणि फार तर तीन महिने आधी कंपनीला मिळाली पाहिजे. कंपनीने तिची प्रत ताबडतोब त्या संचालकाला द्यायची आणि सभासदांना सभेच्या किमान ७ दिवस आधी कळवायचे. संचालकाला लेखी निवेदन देण्याचा, ते सभासदांना पाठवले जावे असे मागण्याचा आणि सभेत स्वतः बोलण्याचा हक्क आहे. निवेदन पाठवले गेले नसेल तर सभेत वाचून दाखवावे लागते.

कंपनी सचिव : त्या पायऱ्या पाळायलाच हव्यात. मंडळच सभा बोलावत नसेल तर भरणा झालेल्या भांडवलाचा एक दशांश ज्यांच्याकडे आहे ते कलम १०० खाली मागणी करू शकतात. मंडळाने २१ दिवसांत सभा बोलवायची आणि ती मागणीपासून ४५ दिवसांच्या आत ठेवायची. न केल्यास मागणी करणारे स्वतः, मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांत, सभा घेऊ शकतात. सभासदांच्या या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स प्रकरणात स्पष्ट पाठिंबा दिला. सभा का हवी याचे कारण देण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही.

वकील : पायऱ्या पाळूनही प्रश्न उरतो. हटवलेल्या संचालकाला करारानुसार मिळणारी भरपाई हा ठराव बुडवत नाही, एवढे कायदा सांगतो. पण धाकट्याचे २५ टक्के शेअर? प्रायव्हेट कंपनीत नफा बहुधा लाभांश म्हणून वाटला जात नाही. तो संचालकांच्या पगाराच्या रूपाने घरी जातो. खुर्ची गेली की पगार थांबला, आणि शेअर बाजारात विकता येत नाहीत. कागदावर चौथ्या हिश्श्याचा मालक असलेला माणूस हाती एक रुपयाही न येता बसून राहतो.

कंपनी सचिव : मग बहुमताने काय करावे? न पटणाऱ्या माणसाबरोबर कारखाना चालवत राहावे? मंडळात रोज भांडण झाले तर ऑर्डर जातात, बँक मर्यादा वाढवत नाही, कामगारांचे पगार लांबतात. त्याचा तोटा धाकट्यालाही २५ टक्के सोसावा लागतो.

वकील : हटवू नये असे म्हणणे नाही, मॅडम. हटवण्याबरोबरच त्याच्या हिश्श्याचे काय, याचे उत्तर तयार असावे, एवढेच.

बरोबरीची कोंडी

बहुमताची दृष्टी जिथे पूर्णपणे अडते ती स्थिती ५०-५० भागीदारीची. बाजूने आणि विरुद्ध समान मते पडली तर साधा ठरावही मंजूर होत नाही. त्यातच कायद्याच्या मूळ नियमाप्रमाणे प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन सभासद प्रत्यक्ष हजर असावे लागतात, आणि मंडळाच्या बैठकीलाही किमान दोन संचालक. दोघांपैकी एक आला नाही की काम ठप्प.

कंपनी सचिव : साधी सभा गणपूर्तीअभावी पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळी भरते, आणि तेव्हा जे हजर असतील ते पुरतात. पण कलम १०० च्या मागणीवरून बोलावलेली सभा मात्र रद्दच होते. कलम ९८ खाली न्यायाधिकरण सभेचा आदेश देऊ शकते आणि एकटा हजर सभासद म्हणजे सभा, असेही ठरवू शकते.

वकील : गैरहजेरीची दुसरी बाजूही पाहा. कोणताही संचालक सलग बारा महिने मंडळाच्या एकाही बैठकीला आला नाही तर, रजा मागितलेली असो वा नसो, कलम १६७ प्रमाणे त्याचे पद आपोआप रिकामे होते. म्हणून रुसून घरी बसणे हा हक्क राखण्याचा मार्ग नाही. आणि समोरच्याला बैठकीची सूचना पोहोचूच न देता बारा महिने मोजत बसणे हाही प्रामाणिक मार्ग नाही. अशा वादात सूचना कधी, कशी पाठवली याच्या पुराव्यावर निकाल फिरतो.

हिस्सा हाती घेताना

कंपनी सचिव : आता सभासद बदलण्याचा विषय. ‘या सभासदाला काढण्यात येत आहे’ असा साधा ठराव कायद्याला ठाऊक नाही. शेअर ही जंगम मालमत्ता आहे. विकणारा आणि घेणारा दोघांनी एसएच-४ या हस्तांतर अर्जावर सह्या करायच्या, मुद्रांक लावायचा आणि सहीपासून ६० दिवसांत शेअर प्रमाणपत्रासह तो कंपनीला द्यायचा. १ जुलै २०२० पासून हे मुद्रांक शुल्क किमतीच्या ०.०१५ टक्के आहे; १० लाखांच्या व्यवहाराला १५० रुपये. मंडळाने ठराव केला आणि सभासदांच्या नोंदवहीत नाव चढले की घेणारा सभासद झाला. नवे प्रमाणपत्र एक महिन्यात द्यायचे.

वकील : दोन गोष्टींची भर घालायला हवी. ऑक्टोबर २०२३ च्या नियमाने लहान कंपनीच्या व्याख्येबाहेरच्या प्रायव्हेट कंपन्यांना शेअर डिमॅट करणे सक्तीचे केले, आणि त्याची मुदत पुढे ३० जून २०२५ पर्यंत वाढवली गेली. अशा कंपनीतला सभासद कागदी प्रमाणपत्रावर शेअर विकू शकत नाही. आणि एखादा भाऊ अमेरिकेत स्थायिक असेल, तर भारतातल्या भावाशी होणाऱ्या खरेदी-विक्रीची एफसी-टीआरएस नोंद ६० दिवसांत करावी लागते, शिवाय किंमत परकीय चलन कायद्याच्या नियमांत बसावी लागते.

कंपनी सचिव : शेअर कोणाला द्यायचे यावर निर्बंध असणे हेच प्रायव्हेट कंपनीचे लक्षण. परक्याला आत येऊ न देण्याचा हक्क इतरांना हवाच.

वकील : तो निर्बंध खरोखर लिहिला आहे का, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. नोंदणीच्या वेळी कायद्यातला नमुना आर्टिकल्सचा तक्ता ‘एफ’ जसाच्या तसा उचलला जातो. त्यात मंडळाला नकाराचा अधिकार आहे, पण तो पूर्ण भरणा न झालेल्या शेअरपुरता किंवा कंपनीचा बोजा असलेल्या शेअरपुरता. पूर्ण भरणा झालेले शेअर आधी इतर सभासदांना देऊ करावेत, असे त्यात कुठेही नाही. ते कलम स्वतंत्रपणे लिहावे लागते. शिवाय कंपनीने नकार दिला तर ३० दिवसांत कारणांसह कळवावे लागते. कळवल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीच कळवले नाही तर ६० दिवसांत, न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

कंपनी सचिव : मृत्यूनंतर काय, हाही रोजचा प्रश्न. एसएच-१३ मध्ये नामनिर्देशनाची नोंद केली असेल तर कंपनी शेअर त्या व्यक्तीच्या नावे लावते. पण १४ डिसेंबर २०२३ रोजी, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा नोंदीने मालकी मिळत नाही. खरे वारस मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतात.

वकील : सभासद न बदलताही हिस्सा बदलता येतो, ही सर्वांत नाजूक जागा. नवे शेअर काढून ते फक्त स्वतःला घेतले की धाकट्याचे २५ टक्के घटत जातात. म्हणून कलम ६२ प्रमाणे नवे शेअर आधी सर्व सभासदांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात एका प्रायव्हेट कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने ताबा मिळवण्यासाठी स्वतःलाच शेअर दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिले नाही, कारण संचालकाचा अधिकार विश्वस्ताचा असतो.

दाद कुठवर मिळते

संचालकपदावरून हटवलेला सभासद कलम २४१ खाली जुलूम व गैरव्यवस्थापनाची तक्रार करू शकतो. त्यासाठी वाटप झालेल्या भांडवलाचा एक दशांश त्याच्याकडे असावा लागतो, किंवा १०० सभासद अथवा एकूण सभासदांचा एक दशांश, यांपैकी कमी असलेली संख्या त्याच्या बाजूने असावी लागते. योग्य प्रकरणात ही अट माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील कंपन्यांची अशी प्रकरणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे येतात.

वकील : विश्वासाच्या बाजूचा आधारस्तंभ म्हणजे इंग्लंडमधला एब्राहिमी खटला. गालिच्यांचा धंदा करणाऱ्या दोन भागीदारांनी १९५८ मध्ये त्याची कंपनी केली. एका भागीदाराचा मुलगा आत आला. १९६९ मध्ये बाप-लेकांनी मिळून दुसऱ्याला संचालकपदावरून काढले. लाभांश कधीच वाटला जात नव्हता, म्हणून त्याचे उत्पन्नही गेले. ठराव कायदेशीरच होता. तरी १९७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. नाते भागीदारीचे असेल तर कायदेशीर हक्कही न्याय्य रीतीने वापरावा लागतो, हे त्यातून रुजले.

कंपनी सचिव : आपल्याकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र वेगळे सांगते. सायरस मिस्त्री यांना २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून आणि ६ फेब्रुवारी २०१७ च्या सभेत संचालकपदावरून हटवण्यात आले. त्यांच्या कुटुंबाकडे १८ टक्क्यांहून अधिक भांडवल होते. मुंबई पीठाने तक्रार फेटाळली, अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पदावरून हटवणे एवढ्यानेच जुलूम होत नाही, हा त्याचा गाभा.

वकील : ‘एवढ्यानेच’ हाच शब्द महत्त्वाचा. त्या कंपनीला भागीदारीसारखी कंपनी मानायला न्यायालयाने नकार दिला. भोसरीतल्या दोन भावांची कंपनी तशी मानली जाण्याची शक्यता जास्त. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात, आणि तोवर कारखाना झिजतो. शेवटी कलम २४२ खाली मिळणारा उपाय बहुतेकदा एकच ठरतो : एका बाजूने दुसऱ्याचे शेअर योग्य किमतीला विकत घेणे. जे दोघांना पहिल्या वर्षी एका पानावर लिहिता आले असते, तेच अनेक वर्षांनी आदेशातून मिळते.

वेळेवर लिहिलेले कलम

कंपनी सचिव : इथे दोन्ही बाजू जुळतात, वकीलसाहेब. पण लिहायचे ते आर्टिकल्समध्येच लिहायला हवे. रंगराज प्रकरणात एका घराण्याने शेअर आधी आपल्याच शाखेत देऊ करण्याचे ठरवले होते, पण ते आर्टिकल्समध्ये नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते कंपनीवरही आणि सभासदांवरही बंधनकारक मानले नाही.

वकील : आणि लिहिलेले कोण बदलू शकतो, हेही मोजावे. आर्टिकल्स विशेष ठरावाने बदलतात; त्यासाठी विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. थोरल्याचे ६० आणि मित्राचे १५ मिळून ७५ होतात, म्हणजे धाकट्याच्या २५ च्या नेमके तिप्पट. मित्र थोरल्याकडे गेला तर धाकट्याचे संरक्षण एका सभेत पुसले जाईल. त्यावर कलम ५ मध्ये उपाय आहे : ठरावीक कलमे बदलण्यासाठी अधिक कडक अट घालता येते. अशी अट स्थापनेच्या वेळी किंवा नंतर सर्व सभासदांच्या संमतीने घालावी लागते.

कंपनी सचिव : ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये मताधिकार वेगळ्या प्रकारे वाटण्याचीही मुभा दिली. मात्र ती कंपनी हिशेब आणि विवरणपत्रे वेळेवर भरणारी असावी लागते.

वकील : तशा तरतुदीचा जुना नमुनाही आहे. इंग्लंडमध्ये एक भाऊ आणि दोन बहिणी, प्रत्येकाचे १०० शेअर. संचालकाला हटवण्याच्या ठरावावर त्याच्या प्रत्येक शेअरला तीन मते, असे आर्टिकल्समध्ये लिहिलेले. बहिणींची २०० मते भावाच्या ३०० पुढे कमी पडली, आणि १९७० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केले. पण असे कवच घालताना कारभार कायमचा अडकणार नाही, हेही पाहावे.

दोन्ही दृष्टींतून निघणारी यादी लहान आहे. संचालक कोणत्या परिस्थितीत पायउतार होईल. पायउतार झाल्यावर त्याने शेअर विकायचे की ठेवायचे. विकायचे तर आधी कोणाला. किंमत कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या मूल्यांककाकडून ठरेल. पैसे किती हप्त्यांत मिळतील. त्याच्या बँक हमीतून त्याला कधीपर्यंत मोकळे केले जाईल. आणि मृत्यू झाल्यास वारसांना हीच किंमत लागू होईल का. ही सात उत्तरे आर्टिकल्समध्ये असतील तर बहुमताला आपला कारभारी बदलता येतो आणि जाणाऱ्याच्या हाती त्याच्या कष्टाचे मोल पडते. कायदा खुर्ची आणि हिस्सा वेगळे ठेवतो. त्यांना न्याय्य रीतीने जोडणारे कलम सभासदांनाच लिहावे लागते. ते लिहिण्याची वेळ म्हणजे संबंध चांगले असताना, कारण तेव्हा उद्या कोण जाणार आणि कोण राहणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून ठरलेला भाव दोन्ही बाजूंना सारखाच रास्त वाटतो.